अर्धी फेरी

तुम्ही खोटं बोलता, साहेब. पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल. कंपनीच्या तुमच्या मुख्य कचेरीतून उत्तर आलं की 'हमाल_फेरी' नावाचं टेबल आपल्या सिस्टिममध्ये कधीच नव्हतं, सबब तक्रार बंद करण्यात येत आहे. कधीच नव्हतं. मग जे कधी नव्हतंच ते तुमचा प्रोग्राम रोज दुपारी मागतो कसा?

हे मी छापायला देतोय, कारण तक्रार टाकायची खिडकी तुम्ही माझ्यापुरती बंद केली. वाचणाऱ्यांपैकी ज्यांना यातलं कळत नाही त्यांच्यासाठी दोन शब्द, आणि साहेब, तुम्हीही त्यांच्यातच बसा. डेटाबेस म्हणजे गोदाम समजा. टेबल म्हणजे त्यातली एकेक थप्पी. प्रोग्रामला काही पाहिजे असलं की तो त्या थप्पीपाशी जातो. थप्पीच जागेवर नसली की बोंबलतो. त्या बोंबलण्याला एरर म्हणतात. तुम्ही लोक त्याच्या तोंडात बोळा कोंबता आणि दुरुस्ती झाली म्हणता.

मी मुन्ना. कागदावर वेगळं नाव आहे, पण ते पगारपत्रकाशिवाय कोणी घेत नाही. केनवडहून मोटरसायकलनं येतो-जातो. कॉलेज केलं नाही. आमच्या वाशीमकडच्या मालेगावात मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसून शिकलो, आणि तिथं एकच नियम शिकलो तो आजपर्यंत पाळतो. दुरुस्ती झाल्यावर काउंटरवर एक स्क्रू उरला, आणि तो कुठला ते आठवत नसलं, तर फोन परत उघडायचा. फोन चालू आहे म्हणून गिऱ्हाइकाला द्यायचा नाही. तुमच्या इंजिनिअरांना हे चार वर्षांत शिकवत नाहीत असं दिसतं.

आमची डाळ मिल मालेगावहून वाशीमकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे. फाटकातून आत आलं की उजवीकडे काटाघर, त्याच्यासमोर ट्रक तोलायचा पन्नास टनी काटा, जमिनीच्या पातळीतली लोखंडी प्लेट. वजनाचे लाल आकडे काटाघरातल्या डब्ब्यावर उमटतात. काट्याच्या अलीकडे ट्रक उभे राहतात. पलीकडे नवीन गोदाम. ते तिथं बांधायची अक्कल कोणाची ते विचारत नाही. पण त्यामुळं हमालाला तुरीचं पोतं पाठीवर घेऊन काट्याच्या प्लेटवरूनच जावं लागतं. हंगामात सगळीकडे तुरीचा भुसा उडत असतो. कीबोर्डात भुसा, चहावर भुसा, पापण्यांवर भुसा. दुपारी प्लेट इतकी तापते की हमाल टाचा उचलून चालतात.

'हमाल_फेरी' मी बनवलं होतं. आधी फेऱ्यांच्या मोजणीवरून रोज कावकाव व्हायची. मग मी दोन स्कॅनर लावले, एक ट्रकपाशी आणि एक गोदामाच्या दारात. हमालाच्या गळ्यात बिल्ला. पोतं उचललं की टुक, फेरी उघडली. थप्पीवर उतरवलं की टुक, फेरी मिटली. दोन टुक झाल्या की एक फेरी. यात न समजण्यासारखं काही नाही.

मदनसिंगला हा खेळ फार आवडायचा. मिलच्या मागच्या वस्तीवर राहायचा, वाळका, उंच, सत्तर किलोचा माणूस. टुक वाजलं की तो "हाव" म्हणायचा, शाळेत हजेरी दिल्यासारखं. "मुन्नाभाऊ," मला म्हणायचा, "तुय्या मशीननं हाक मारली का मले ओ द्याच लागते. घरी बायको म्हणते, तिले कधी देत नाई."

हमालांची एक रीत आहे. पोतं एकदा पाठीवर आलं की ते थप्पीवरच उतरायचं. मधे टेकवायचं नाही, मग पाय भाजो की खोकला येवो. मधे टेकवलं तर बाकीचे हसतात, आणि ते हसू हंगामभर पुरतं. मदनसिंगनं कधी टेकवलं नव्हतं.

आता तुमचं काम. कामगार खात्याची तपासणी येणार होती. कंपनीच्या हजेरीपटावर हमाल असलेले दिसले तर प्रश्न विचारले जातील, म्हणून तुम्ही ठरवलं की हमाल आपले नाहीतच, ठेकेदाराचे आहेत. मग त्यांच्या नावाचं जे काही सिस्टिममध्ये आहे ते काढून टाका. ठीक. काढायचं होतं तर रविवारी काढायचं, सगळ्या फेऱ्या मिटल्यावर. तुम्ही भर दुपारी काढलं, काम चालू असताना, इथं कोणाला एक फोन न करता. टेबल पुसलं आणि सर्व्हर बंद करून चालू केला.

काट्यावर किशन बसतो. त्यानं जे पाहिलं ते मी त्याच्याकडून इतक्यांदा ऐकलंय की आता तो वैतागतो.

"मदनसिंगनं पोतं घेतलं. टुक वाजलं. 'हाव' म्हणे. काट्यावर चढला, माया डब्ब्यावर एकशेवीस आलं. सत्तरचा तो, पन्नासचं पोतं. मंग सगळे कॉम्प्युटर एकदम बसले. म्या खाली वाकून वायर पाह्यली. वर पाह्यलं तं डब्ब्यावर एकशेवीस तसंच."

"आणि मदनसिंग?"

"नोता."

"गोदामात गेला असन."

"तिथं टुक वाजली का? नाई वाजली. कितींदा इचारतं बे."

कॅमेऱ्यात तो प्लेटवर चढतो. मग पडदा काळा होतो, कारण तुमचा सर्व्हर बसला. परत उजेड येतो तेव्हा प्लेट रिकामी आहे आणि गोदामाच्या दारातला मुनीम पुढच्या पोत्याची वाट पाहत कान कोरतोय. फाटकावरचा माणूस शपथेवर सांगतो की कोणी बाहेर गेलं नाही. चपला ट्रकच्या चाकापाशी होत्या. जेवणाचा डबा नळाजवळच्या लिंबाला टांगलेला होता. पोलिसांनी डबा उघडून पाहिला, झाकण लावलं आणि म्हणाले, हे लोक हंगामात असेच उठून जातात. चपला आणि डबा सोडून कोणत्या हंगामाला जातात ते मी विचारलं. मला बाहेर बसायला सांगितलं.

काट्यावरचे एकशेवीस उतरले नाहीत. प्लेट रिकामी, आकडे लाल, एकशेवीस. आम्ही प्लेटखालचा खड्डा उपसला, चिखल काढला, गोटे काढले. अकोल्याहून काट्याचा मिस्त्री आला. त्यानं वजनं ठेवून पाहिली. काटा बिनचूक. फक्त कुठलंही वजन ठेवलं तरी एकशेवीस जास्त. त्यानं एकदा प्लेटवर इकडून तिकडे चालून पाहिलं. मधोमध पोचला तेव्हा अंग चोरून बाजूनं गेला, दाराशी कोणी उभं असलं की आपण जातो तसा. "तुमी असं काहून गेले?" मी विचारलं. तो म्हणाला, कसं? चहा न घेता गेला.

तुम्हाला कळवलं. तुमचं उत्तर: भरल्या ट्रकच्या वजनातून रिकाम्या ट्रकचं वजन वजा होतं, दोन्हीत एकशेवीस आहेत, म्हणजे मालाच्या हिशोबात फरक पडत नाही, सबब दुर्लक्ष करावं. साहेब, गणित बरोबर आहे तुमचं. माणूसही त्यातच वजा झाला.

आणि त्याच दुपारपासून एरर. 'हमाल_फेरी' सापडत नाही. दोन मिनिटं थांबून परत. परत. जेवणाच्या सुट्टीपासून काम सुटेपर्यंत.

मी रीतीनं शोधलं. आपण चुकीच्या डेटाबेसमध्ये तर नाही ना ते पाहिलं. परवानग्या पाहिल्या. प्रोग्रामच्या सगळ्या मजकुरात 'हमाल_फेरी' हा शब्द शोधला. एकाही ठिकाणी नाही. तुमच्या लोकांनी तो व्यवस्थित खरडून काढला होता, ते एक काम तरी नीट केलं. म्हणजे प्रोग्राममधला कोणताच भाग ते टेबल मागत नाही. तरी मागणी येते. मग मी तुमच्या मदतकक्षाला फोन लावला. रुचिका मॅडम. त्या बिचाऱ्या एकट्या तिथं माणसासारख्या बोलतात.

"सर, मागणी तुमच्याकडूनच येतेय. काटाघरातल्या कॉम्प्युटरवरून."

"मॅडम, तो कॉम्प्युटर मी काल उचलून कपाटात ठेवला. किल्ली माझ्या खिशात हाय."

त्यांनी तिकडं कीबोर्डवर काहीतरी ठोकलं.

"सर, आत्ता परत आली. आपण बोलतोय तेवढ्यात." मग हळू आवाजात, "ही नेहमीसारखी मागणी नाहीये. काही वाचायला मागत नाहीये ती. ती एक फेरी मिटवायला मागतेय."

"कोणाची?"

"बिल्ला क्रमांक आहे फक्त. सर, मी हे तक्रारीत लिहू शकत नाही."

बिल्ला कोणाचा ते मी सांगायची गरज नाही.

बेबीबाई, मदनसिंगची बायको, रोज जेवणाच्या वेळेला यायची आणि फाटकाबाहेर सावलीत बसायची. फडक्यात भाकरी, दोघांपुरती. आत येऊ देत नव्हते, तुमचा हुकूम. त्याच सुमाराला तुमचा दुसरा हुकूम आला: काट्यावर शून्य मारून घ्या. काट्याला तसं बटण असतं. जे काही वर आहे ते धरूनच शून्य समज, असं त्याला सांगायचं. किशननं ते दाबलं. लाल शून्य आलं, स्वच्छ.

मी काटाघरातच होतो. बाहेर बेबीबाई उठून उभी राहिली, का कोणास ठाऊक, आणि तिनं हाक मारली. ओरडून नाही. जेवायला बोलावतात तशी.

"अवो, येता का?"

डब्ब्यावर वजा एकशेवीस आले.

किशननं माझा दंड धरला. प्लेट पांढऱ्या उन्हात रिकामी पडली होती. फाटकाशी बेबीबाई आमच्याकडे पाहत नव्हती. तिची नजर जमिनीपासून पुरुषभर उंचीवर, हातभर अंतरावर होती.

"ठेवा ना ते खाली," ती म्हणाली. "घामानं डबडबले तुमी. ठेवा घडीभर."

थोडा वेळ गेला. मग डब्ब्यावर परत शून्य आलं. तो प्लेटवर परत गेला होता.

बेबीबाई माझ्याकडे वळली. "नाई ठेवणार तो," म्हणाली. "तुमी मशीनले सांगा, मुन्नाभाऊ. तिकडची टुक वाजल्याबिगर नाई ठेवणार. लई हेकड हाय."

किशननं शून्य मारलेलं काढून टाकलं. एकशेवीस परत आले. त्यानंतर त्यानं त्या बटणावर चिकटपट्टी लावली आहे, आणि तुमचं पत्र आलं की तो ते वाचून नाक शिंकरतो.

मी मशीनला सांगायचं ठरवलं. जुनं टेबल माझंच, रचना तोंडपाठ. तशाच रचनेचं नवं टेबल बनवलं, 'हमाल_फेरी', रिकामं. विचार असा की थप्पीची जागा तरी तयार होईल, मागणीला आत यायला दार मिळेल. टेबल तयार झालं. दोन मिनिटं गेली. एरर आला नाही. चार मिनिटं. नाही.

फार हलकं वाटलं. चहा मागवला. किशन गाणं गुणगुणत होता. डब्ब्यावर शून्य होतं, आपोआप.

फाटकापाशी एक बाई बसली होती.

"कोण हाय ते?" मी किशनला विचारलं.

"असन कोणी. काम मांगत असन."

मी गेलो. ती हातातल्या फडक्याकडे पाहत होती. म्हणाली, "भाऊ, म्या काहून आली इथं?"

मला माहीत नव्हतं.

"एवढ्या भाकरी कोणासाठी थापल्या म्या?"

तेही माहीत नव्हतं. लिंबाला एक डबा टांगलेला होता. कोणाचा असेल म्हणून मी तो काढायला हात लावला आणि तसाच सोडला.

परत येऊन स्क्रीनसमोर बसलो. एक टेबल होतं. बनवणारा मी, वेळ आजची. आत एकही ओळ नाही. मी ते कशासाठी बनवलं?

आठवेना.

बाहेर ती बाई फडकं झटकून निघाली होती.

काउंटरवर उरलेला स्क्रू. चालू आहे म्हणून गिऱ्हाइकाला द्यायचा नाही. मी ते टेबल पुसलं.

एरर आला.

आणि फाटकाकडून बेबीबाईची मदनसिंगच्या नावानं जी आरोळी आली ती ऐकून गोदामातले सगळे हमाल, पाठीवरच्या पोत्यांसकट, जागच्या जागी थांबले.

त्या दिवशी काट्यावर एकशेवीस परत आले नाहीत. एकशेदहा आले. आमचा काटा दहा-दहाच्या टप्प्यानं चालतो, त्याहून बारीक त्याला कळत नाही. ते दहा माझ्या नावावर लिहा, मी नाही म्हणत नाही. पुढचे तुमचे आहेत.

कारण त्यानंतर तुम्हीही तेच केलं. तुमच्या हुशार लोकांनी वरून तेच औषध काढलं: रिकामं टेबल टाका, एरर बंद. चाचणी म्हणून एकदा टाकलं, काढलं. मग परत टाकलं, काढलं. मग तिसऱ्यांदा. मला नोंदीत वेळा दिसतात. त्या वेळांत मी काय केलं ते मला सगळं आठवतं, टायरात हवा भरली, पंपावर गेलो. फक्त त्यात बेबीबाई कुठंच नाही, आणि ती तर रोज फाटकापाशी असते. प्रत्येक चाचणीनंतर काटा उतरला. काल नव्वद होता. आज सकाळी ऐंशी.

रुचिका मॅडमनी शेवटचा फोन केला तेव्हा म्हणाल्या, हातानं एक ओळ घालून पाहा ना, सर. घातली असती. पण उघडलेल्या फेरीचा क्रमांक मशीन देतं, तो त्या पुसलेल्या टेबलात होता. अंदाजानं आकडा टाकला आणि गोदामाच्या दारात भलताच कोणी पोतं घेऊन उतरला, तर त्याला काय म्हणू? त्या म्हणाल्या, बॅकअप असतो. त्या दिवशी टेबल पुसायच्या आधीची जशीच्या तशी नक्कल. आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या जागी दुसरंच कोणी फोन उचलतं. रुचिका मॅडमबद्दल विचारलं की म्हणतं, अशा नावाचं इथं कोणी नाही.

आता तुमचं पत्र आलंय की सोमवारी ते रिकामं टेबल कायमचं बसवणार. एरर पुन्हा येणार नाही याची हमी दिली आहे. तुमच्या हमीवर माझा पूर्ण विश्वास आहे, साहेब. तेवढं तुम्ही नक्की कराल.

म्हणून सरळ विचारतो. नोकरी जाईल तर जाऊ द्या, मोबाईल दुरुस्तीचं दुकान अजून आहे. तो बॅकअप द्या. एका दुपारपुरता द्या. मी ते टेबल जागेवर बसवतो आणि गोदामाच्या दारात स्वतः स्कॅनर धरून उभा राहतो. एक टुक, बस. त्यानंतर तुमचं टेबल तुम्ही जाळा.

आज बेबीबाई आली तेव्हा फडक्यात एकच भाकरी होती. मी विचारलं, काहून? ती म्हणाली, पीठ पुरलं नसन. घरच्या डब्यातलं पीठ मात्र संपलं नव्हतं, हे तिनंच दोन वाक्यांनंतर सांगितलं, आणि मग फडक्याची गाठ सोडून ती एकच भाकरी परत मोजली.

काट्यावर ऐंशी आहेत. त्यातलं पोतं पन्नासचं, आणि पोतं हलकं होत नसतं. तो ते खाली ठेवणार नाही.

बॅकअप आहे की नाही? सोमवारच्या आत सांगा.